दहा दिवसांच्या मिशन ट्रिपने पोरांच्या विश्वासाचं नेमकं काय होतं?

वाशीखाडी | १२ मे, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. (आमच्याकडे चर्चच्या सभासदांनाही 'मंडळी'च म्हणतात. खाली हा शब्द दोन्ही अर्थांनी येईल, सांभाळून घ्या.)

मी नेरुळला राहतो, नोकरी महापेला. गेली नऊ वर्षं आमच्या मंडळीच्या तरुण संघाचं काम बघतो. दर वर्षी परीक्षा संपल्या की एप्रिलअखेर १५-१६ पोरांना घेऊन मोखाडा तालुक्यातल्या एका पाड्यावर जातो. ठाण्याला गाडी बदलून कसारा लोकल, पुढे जीप, विहीगाववरून खोडाळ्याच्या बाजूला. तिथे वीसेक घरांची एक जुनी मंडळी आहे. सकाळी मुलांची व्हीबीएस, म्हणजे सुट्टीतली शास्त्रशाळा. दुपारी अंगमेहनत, रात्री भजनं. ह्यालाच आम्ही मिशन ट्रिप म्हणतो. यंदा विहिरीकडे उतरणाऱ्या वाटेला दगडाच्या पायऱ्या केल्या.

गेल्या रविवारी उपासना सुटल्यावर एका आईने मला गाठलं. "दादा, माझ्या पोराला तिकडे काय केलंत?"

पोरगा १७ वर्षांचा, नुकतीच बारावी दिलेली. साडेदहाच्या इंग्रजी उपासनेत कीबोर्ड वाजवतो. चांगला वाजवतो. परत आल्यापासून त्याने कीबोर्ड सोडलाय. सकाळी आठच्या मराठी उपासनेला आजीबरोबर जातो आणि शेवटच्या बाकावर गप्प बसतो. आईचं म्हणणं, ट्रिपला जाऊन पोरं पेटून येतात असं ऐकलं होतं, आमचा तर विझून आला.

काय घडलं ते मी पाहिलंय, म्हणून सांगतो. चौथ्या दिवशी आम्ही घरोघर भेटीला गेलो होतो. एका आजींचे गुडघे सुजलेले. त्यांनी ह्याचाच हात धरला, म्हणाल्या, प्रार्थना कर. ह्याने डोळे मिटले आणि इंग्रजीत सुरुवात केली. छान, अस्खलित. आजींनी त्याला मध्येच थांबवलं. "मराठीत बोल ना देवाशी. मला पण कळू दे काय मागतोस ते."

पोरगा अडकला. घरी मराठी बोलतो, मित्रांना मराठीत शिव्याही देतो, पण देवाशी मराठीत कधी बोललाच नव्हता. मिनिटभर काही नाही. मग लहानपणी त्याच्या आजीने पाठ करून घेतलेली प्रभूची प्रार्थना म्हणायला लागला. 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' पासून चाचपडत 'जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे' इथपर्यंत आला, पुढचं मी सावरून घेतलं. आमेन झालं. आजींनी विचारलं, "ऋण म्हणजे उचलच ना?"

त्यांचा मुलगा आणि सून वीटभट्टीवर गेले होते, भिवंडीच्या बाजूला. गणपतीत शेठकडून ३०,००० उचल घेतलेली. फिटली की नाही, ते पावसाच्या तोंडावर शेठ हिशेब सांगेल तेव्हा कळणार.

परतीच्या जीपमध्ये त्याने मला विचारलं, "दादा, इंग्रजीत आपण ह्या जागी पापं, अपराध असं काहीतरी म्हणतो ना? ऋण कुठून आलं?" मी सांगितलं की मत्तयाच्या शुभवर्तमानात ऋणच आहे, लूकमध्ये पापं आहेत. पुढे तो कसाऱ्यापर्यंत बोलला नाही. घरी येऊन मात्र वडिलांना विचारलं, उलव्याला आपण बुक केलेल्या फ्लॅटच्या विटा कुठल्या भट्टीच्या? वडील अर्थातच भडकले.

त्याच्या आईला मी धड उत्तर देऊ शकलो नाही. नऊ वर्षांत शंभरेक पोरं नेली असतील. काही आठवडाभर पेटतात आणि पुन्हा होती तशी होतात. काही अशी विझतात. ह्यातलं विश्वास वाढणं कशाला म्हणायचं? जाऊन आलेल्यांनी, पोरं पाठवलेल्यांनी आणि ज्यांच्या गावी अशा टोळ्या येतात त्यांनीही लिहा.

---

तलावपाळी_७८ | १२ मे, रात्री ११.१५

मी कॅथलिक, ठाण्याची. आमच्याकडे मिशन ट्रिप हा शब्द नव्हता, पण आमच्या ठाण्यात परदेशातून 'ट्रिप'वर आलेले चार फ्रान्सिस्कन १३२१ मध्ये मारले गेले, टोलेंटिनोचे थॉमस आणि त्यांचे तीन सोबती. पाचवा साथीदार जॉर्डानस तेव्हा बाहेरगावी होता म्हणून वाचला. पुढे एकटाच राहून आपल्या धर्मबंधूंना पत्रं लिहीत राहिला, की आणखी माणसं पाठवा.

आणि भाषेचं म्हणाल तर फादर स्टीफन्स इंग्रज. १५७९ ला गोव्यात उतरले आणि १६१६ ला त्यांचं ओवीबद्ध ख्रिस्तचरित्र मराठीत छापलं गेलं. इंग्रज माणूस मराठीत ओव्या रचून गेला आणि नेरुळच्या पोराला मराठीत आमेनपर्यंत पोचता येईना. हसू नका, माझ्या नातवंडांचीही हीच गत आहे.

---

बांधकाम_सल्लागार | १२ मे, रात्री ११.३२

अवांतर: उलव्यात आता बहुतेक टॉवरना एएसी (हलके सिमेंटचे) ब्लॉक वापरतात, लाल विटा नाहीत. वडिलांना सांगा, वाद मिटेल.

---

वाशीखाडी | १२ मे, रात्री ११.४०

@बांधकाम_सल्लागार, नाही मिटणार हो. :)

---

सह्यकडा | १३ मे, सकाळी ७.५०

स्पष्ट विचारतो, राग मानू नका. दहा दिवस आदिवासी पाड्यावर जाऊन लहान मुलांना गाणी शिकवायची, चॉकलेटं वाटायची, आजारी म्हातारीपाशी प्रार्थना म्हणायची, ह्याला बाकीचे लोक धर्मांतराची तयारी म्हणतात. तुमच्या पोराच्या मनात काय उमललं हा झाला तुमचा प्रश्न. त्या म्हातारीचं काय?

---

वाशीखाडी | १३ मे, सकाळी ९.०५

राग नाही. हा प्रश्न आम्हाला आमच्यातच आधी विचारायला हवा होता.

त्या आजी लग्न होऊन पाड्यावर आल्या तेव्हापासून तिथल्या मंडळीत आहेत. आम्ही जातो ते तिथल्या मंडळीने बोलावल्यावर. पण तुमच्या म्हणण्यात तथ्य नाही असं म्हणणार नाही. सुरुवातीच्या एका वर्षी आम्ही ब्लँकेटं नेली होती. आमच्यातल्या एका ज्येष्ठाने वाटपाआधी प्रार्थना घेतली. रांगेत अख्खा पाडा, त्यातले निम्मे ख्रिस्ती नाहीत, आणि सगळे हात जोडून उभे. ब्लँकेट हवं म्हणून जोडलेले हात होते ते. मला खाली बघावंसं वाटलं. त्यानंतर वाटप बंद. चॉकलेट नाही, कपडे नाहीत, औषधं नाहीत. व्हीबीएसला मंडळीतल्याच घरची मुलं, तीही आईबापाने सांगितलं तरच. मुलांचे फोटो काढायचे नाहीत. फोटो बंद केले त्या वर्षी आमच्या इच्छुकांची यादी २३ वरून ११ वर आली, हे जाता जाता सांगतो.

---

घोडबंदरची_वकील | १३ मे, सकाळी १०.२०

कायद्याचं थोडक्यात. घटनेच्या कलम २५ मध्ये धर्माचा प्रचार करण्याचा हक्क आहे, पण तो सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन. १९७७ च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात सुप्रीम कोर्टाने म्हटलं की आपल्या धर्माची शिकवण मांडणं हा हक्क, दुसऱ्याचं धर्मांतर करणं हा मूलभूत हक्क नव्हे. अल्पवयीन मुलं असतील तर दोन्हीकडच्या पालकांची परवानगी लेखी घ्या. तुमच्याबरोबर येणाऱ्यांचीही, पाड्यावरच्यांचीही.

पण मला त्या उचलीचं जास्त लागलं. उचल फिटेपर्यंत माणसाला कामावर अडकवून ठेवणं हे बंधबिगार मुक्ती कायद्याखाली येतं, कायदा १९७६ चा आहे. जिल्हा आणि उपविभाग पातळीवर त्यासाठी दक्षता समित्या असायला हव्यात. त्या आजींना प्रार्थनेसोबत हेही कोणीतरी सांगायला हवं ना?

---

माळकरी_ऐरोली | १३ मे, दुपारी १.१०

मी ख्रिस्ती नाही, वारकरी घरातला. माझा मुलगा दोन वर्षांपूर्वी पहिल्यांदा दिंडीबरोबर चालला. आल्यावर पंधरा दिवस असाच घुम्यासारखा. बायको म्हणाली, वारीला जाऊन माणसं हसरी होतात, हा असा का? मी म्हटलं, राहू दे. वारीत लहान-थोर एकमेकांच्या पाया पडतात. एका म्हाताऱ्याने ह्याच्या पायावर डोकं ठेवलं होतं, ते ह्याला झेपलं नव्हतं. हे आम्हाला कळलं दिवाळीत.

तुमच्या पोरालाही दिवाळीपर्यंत सोडा.

---

एनएसएसवाला | १३ मे, दुपारी २.३०

मग ह्यात विश्वासाचा संबंध काय? एनएसएसच्या (कॉलेजच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या) सात दिवसांच्या शिबिरात आम्हीही बंधारे बांधले, आम्हीही रडत परत आलो. ह्या वयात कुठेही न्या, पोरं हलतातच. नाव फक्त वेगळं.

---

खारघर_टेकडी | १३ मे, रात्री ९.४५

बराच वेळ लिहून खोडतेय. मी २४ वर्षांची. १६ ते १९ ह्या वयात चार ट्रिपा केल्या, वेगळ्या मंडळीबरोबर. एनएसएसवाल्यांना उत्तर देऊ शकेन असं वाटतं, पण ते आवडेल असं नाही.

फरक 'साक्षी'चा आहे. शिबिरावरून आलात तर फार तर अहवाल लिहायचा. मिशन ट्रिपवरून आलात की रविवारी समोर उभं राहून साक्ष द्यायची. आम्हाला तीन-तीन मिनिटं मिळायची. मागे पडद्यावर फोटो. पहिल्या वर्षी मी खरंच थरथरत बोलले. लोक रडले. पाळकसाहेब म्हणाले, ह्या मुलीवर देवाचा हात आहे. दुसऱ्या वर्षी मला ठाऊक होतं कुठे थांबलं की लोक रडतात. तिसऱ्या वर्षी मी ट्रिपमध्येच, तिथल्या माणसांशी बोलताना, साक्षीत काय सांगायचं ते मनात जुळवत होते. हे लिहायला मला पाच वर्षं लागली.

तिथे एक मुलगी होती, सात-आठ वर्षांची. दर वर्षी माझ्या वेणीला रिबीन बांधायची. शेवटच्या वर्षी म्हणाली, ताई परत कधी? मी म्हटलं, लवकर. मग माझं इंटर्नशिप, मग नोकरी. आमच्या मंडळीने पुढच्या वर्षी दुसरं गाव धरलं, कारण तिथे 'गरज जास्त' होती. ती मुलगी आता चौदा-पंधराची असेल, लग्नाचं चाललं असेल तरी मला कळणार नाही.

त्यानंतर वर्षभर मी उपासनेला गेले नाही. घरी सांगायचे पोट दुखतंय. देवावर राग नव्हता. माझी चारही वर्षांची प्रार्थना खोटी होती की काय, ही भीती होती. त्या वर्षात मला बायबलमधलं स्तोत्र ८८ सापडलं. वाचून बघा, बाकीच्या स्तोत्रांसारखा शेवटी उजेड पडत नाही, अंधारातच संपतं. त्यावर उपदेश कधी ऐकला नव्हता. कोणीतरी हेही प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवलंय, एवढ्यावर मी परत आले. समोर उभी मात्र राहत नाही.

तुमच्या कीबोर्डवाल्याकडून साक्ष घेतलीत का, दादा?

---

वाशीखाडी | १३ मे, रात्री १०.३०

घेतली नाही. तो नको म्हणाला. खरं सांगतो, मला तेव्हा वाईट वाटलं होतं, कारण त्याची गोष्ट सगळ्यात 'चांगली' होती. तुमचं वाचून आता वेगळ्याच कारणाने वाईट वाटतंय.

---

आकडेमोड | १४ मे, सकाळी ८.१५

कर्ट व्हर बीक नावाचे एक अभ्यासक आहेत. १९९८ च्या मिच वादळानंतर अमेरिकेतल्या चर्चची पथकं होंडुरासमध्ये घरं बांधायला गेली होती, त्यांचा त्यांनी अभ्यास केला, तो २००६ मध्ये छापून आला. विमानखर्च धरून पथकाच्या एका घराला सुमारे ३०,००० डॉलर पडले, तसंच घर स्थानिक संस्था २,००० च्या आसपास बांधत होत्या. जाऊन आलेल्यांना वाटत होतं की आपण आमूलाग्र बदललो. प्रत्यक्षात देणग्या किंवा वागणं यात टिकाऊ फरक फारसा दिसला नाही.

तुमचा खर्च किती, वाशीखाडी? आणि विहिरीच्या पायऱ्या गावातल्या गवंड्याने केल्या असत्या तर?

---

वाशीखाडी | १४ मे, सकाळी ८.५०

१६ जणांचे मिळून ५८,०००. गवंडी आणि दोन बिगारी आठ दिवसांत करून गेले असते, २०,००० च्या आत. आणि त्यांच्या पायऱ्या सरळ असत्या. आमची चौथी पायरी हलते.

---

निवृत्त_पाळक | १४ मे, दुपारी ४.००

सर्वांस प्रभूच्या नावाने सलाम. मी मूळचा नगरकडचा, हल्ली मुलाकडे असतो, दिघ्याला. टायपिंग नातीचं, चुका तिच्या.

मुलांनो, तुम्ही सगळे जाण्याबद्दल बोलताहात. शास्त्रात परत येण्याबद्दलही आहे. लूकच्या दहाव्या अध्यायात प्रभू सत्तर जणांना जोडीजोडीने पाठवतो. पैशाची पिशवी घेऊ नका, झोळी घेऊ नका, ज्या घरी उतराल तिथेच राहा, पुढे वाढतील ते खा. म्हणजे देणारे म्हणून जाऊच नका, पाहुणे म्हणून जा, त्यांच्या अन्नावर अवलंबून राहा. आपली पोरं मॅगीची खोकी घेऊन जातात. ते सत्तर आनंदाने परत येतात आणि सांगतात, भुतंसुद्धा आम्हाला वश झाली! प्रभू काय म्हणतो? त्यात आनंद मानू नका. त्यांची साक्ष त्याने तिथल्या तिथे जमिनीवर आणली. खारघरच्या मुलीने हे वाचावं.

आणि मार्कच्या सहाव्या अध्यायात बारा जण परत येऊन सगळं सांगतात, तेव्हा तो त्यांना रानात एकांती घेऊन जातो, थोडा विसावा घ्या म्हणतो. आम्ही काय करतो? शनिवारी रात्री कसाऱ्याहून आणतो आणि रविवारी सकाळी माइक देतो.

हाही फरक ध्यानात घ्या. १८०६ मध्ये अमेरिकेत पाच कॉलेजकुमार मैदानात प्रार्थना करत होते, वादळ आलं म्हणून गवताच्या गंजीआड शिरले आणि तिथेच ठरवलं की आशियात सुवार्ता न्यायची. त्यातून १८१० ला मिशन बोर्ड निघालं आणि फेब्रुवारी १८१३ मध्ये त्याच बोर्डाचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट मुंबईला उतरले. आमची नगरची मंडळी त्याच मुळाची. नॉट आजारी पडून १८१५ ला परत गेले. हॉल राहिले, मराठी शिकले, मुंबईत शाळा काढल्या, नव्या कराराच्या भाषांतरात हात घातला आणि १८२६ मध्ये नाशिकहून परतताना पटकीने वारले. वय ४१. मी हे दहा दिवसांच्या ट्रिपला हिणवायला सांगत नाही. पण पोरांना कळू द्या की ज्या भाषेत आपण आज शास्त्र वाचतो ती शिकायला कोणीतरी वर्षं घातली आहेत. तुमच्या त्या पोराला एका मिनिटात कळलं की ती आपल्याला येत नाही. माझ्या मते त्याची शाळा तिथे सुरू झाली.

एनएसएसवाल्या बाळा, तू बंधारा बांधलास ते पुण्यच. पण तिथे कोणी तुझा हात धरून 'माझ्यासाठी देवाकडे माग' असं म्हणालं नसेल. ते म्हटलं की पळवाट उरत नाही. तू मागतोस त्यावर तुझा स्वतःचा विश्वास आहे का, हे तुला त्या क्षणी तुझ्याच आवाजात ऐकू येतं. मला ते विसाव्या वर्षी ऐकू आलं, एका कुष्ठरोग्याच्या झोपडीत, आणि उत्तर 'नाही' असं होतं. त्यानंतर मी चाळीस वर्षं पाळक होतो. बाकी कधीतरी सांगेन, नात कंटाळली.

---

एनएसएसवाला | १४ मे, संध्याकाळी ५.१०

आजोबा, नाही म्हणालं कोणी. मान्य.

---

तुर्भे_स्टोअर | १४ मे, संध्याकाळी ७.२५

सगळं छान. पण नवी मुंबईच्या पोरांना गरिबाघरी प्रार्थना करायला कसारा गाठावं लागतं? खाणकामगारांच्या वस्त्या तुर्भ्याला आहेत, नाक्यावरचे मजूर तुमच्या नेरुळ स्टेशनबाहेर उभे असतात. तिथे परत जायचं टाळता येत नाही, रोज तोंड दिसतं. म्हणून कोणी येत नसावं.

---

सह्यकडा | १४ मे, रात्री ८.४०

पाळक आजोबांचं वाचलं. माझा आक्षेप कायम आहे, पण आवाज खाली करतो.

---

मोखाडकर | १५ मे, रात्री ११.५०

धाग्याची लिंक मला एकाने पाठवली. मी वारली, मोखाडा तालुक्यातला, नोकरीसाठी कळव्याला असतो. माझी आत्या ख्रिस्ती मंडळीत आहे, मी नाही. वाशीखाडींचा पाडा कुठला ते ओळखलं, शेजारचाच आहे.

आधी पाण्याचं सांगतो. मुंबईला पाणी देणारं मध्य वैतरणा धरण आमच्या तालुक्यात. तरी एप्रिल-मे मध्ये आमच्या बाया हंडे घेऊन पहाटे तीनला विहिरीवर नंबर लावतात. तुम्ही १६ जण त्याच महिन्यात येता. दहा दिवस अंघोळ, भांडी, कपडे. तुमच्यातल्या एका पोरीने हातपाय धुवायला अख्खी बादली घेतली, ते आत्याने बघितलं, बोलली नाही, पाहुणे आहेत म्हणून. नवी मुंबईत मोरबे धरणाचं पाणी चोवीस तास, तुमच्या लक्षात कसं येणार? (२०१४ पर्यंत आम्ही तुमच्याच ठाणे जिल्ह्यात होतो, हेही किती जणांना आठवतं?)

दुसरं, येता तेव्हा पाडा निम्मा रिकामा असतो. कमावते हात भट्टीवर. तुम्हाला भेटतात म्हातारे आणि ठेवून गेलेली पोरं. त्यांना बघून तुमची पोरं म्हणतात, किती साधी माणसं, किती समाधानी. समाधानी नाहीत हो, थकलेली आहेत.

वकीलताई, कायदा बरोबर आहे. पण थेट तक्रार टाकू नका. पुढच्या वर्षी शेठ त्या पाड्याला काम देणार नाही आणि तुम्ही ठाण्यात असाल. आधी भट्टीवरून लोक येऊ देत, त्यांना बसून विचारा. आमच्या भागात ह्यावर काम करणारी माणसं आहेत, ओळख करून देईन.

आता चांगलं. तुमच्यातला एक मुलगा, चार वर्षांपूर्वीचा, चष्मेवाला, तो परत आला. एकटाच. ट्रिप नव्हती, जुलै होता. आत्याकडे राहिला, सहा दिवस भात लावला. चौथ्या दिवशी ताप आला तर आत्याने त्याला काढा दिला आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. आत्या अजून ते सांगते, मुंबईच्या पोरासाठी मी प्रार्थना केली म्हणून. तुमच्या ट्रिपांबद्दल ती काही सांगत नाही, फक्त त्याच्याबद्दल सांगते.

---

वाशीखाडी | १६ मे, सकाळी ६.३०

तो चष्मेवाला कोण ते मला माहीत आहे. आमच्या यादीत तो 'गळलेल्यां'त आहे. तरुण संघात येत नाही, म्हणून मी त्याचं नाव खोडलं होतं.

पाण्याचं वाचून रात्री झोप लागली नाही. नऊ वर्षं.

---

खारघर_टेकडी | १६ मे, सकाळी ९.००

मोखाडकर, तुमच्या आत्यांना नमस्कार सांगा.

---

तलावपाळी_७८ | १६ मे, सकाळी ११.२०

२०२१ च्या जुलैत चिपळूण बुडालं तेव्हा आमच्या पॅरिशची पोरं गाळ काढायला गेली होती. फावडी घेऊनच गेली, पुस्तक-बिस्तक काही नाही. एका दुकानदार काकांनी सगळ्यांना भिजलेल्या खुर्च्यांवर बसवून चहा पाजला. दुकानात साखर उरली नव्हती, बिनसाखरेचा. माझा नातू तेव्हापासून बिनसाखरेचाच पितो. विचारलं तर सांगत नाही का ते. मी आपली समजून घेते.

---

वाशीखाडी | १९ मे, रात्री ९.५५

उशीर झाला, माफ करा. काल कीबोर्डवाल्याच्या घरी गेलो होतो. आईला म्हटलं, तो विझला असं मला वाटत नाही, पण पेटलाय असंही मी सांगू शकत नाही. ती म्हणाली, मग तुम्हाला काय माहीत आहे? त्यावर त्याची आजी आतून म्हणाली, रोज रात्री तो माझ्याकडून एक एक स्तोत्र पाठ करून घेतो, मराठीतून. तेविसावं झालं, आता एकविसाव्या शतकातल्या पोराला जुने शब्द समजावता समजावता माझा जीव जातोय.

कमिटीत मी दोन गोष्टी मांडल्या. पुढच्या एप्रिलची ट्रिप रद्द. आणि परत येणाऱ्यांनी पहिले चार रविवार समोर उभं राहायचं नाही, मागच्या बाकावर बसायचं. पहिली मंजूर झाली नाही. दुसरीवर दोन ज्येष्ठ नाराज आहेत.

मोखाडकर, जुलैत लावणीला आलो तर चालेल का? मी, कीबोर्डवाला, आणि चष्मेवाल्यालाही विचारलंय, तो हो म्हणाला. चौथी पायरीही बसवायची आहे. आणखी दोन-तीन पोरं मागे लागली आहेत.

---

मोखाडकर | १९ मे, रात्री १०.२०

तिघंच या. आत्याच्या घरी तेवढीच जागा आहे. मॅगी आणू नका. बूट नकोत, चिखलात राहतात. पाऊस पडल्यावर फोन करतो.